घराण्यात दमा आहे का, मावशी?

मावशी, तुझ्या तिरडीला खांदा द्यायला भांडणं झाली. तुला हे कळायलाच हवं, म्हणून आधी तेच सांगतो. तू जुळवलेल्या सोयरिकींमधले निम्मे नवरे त्या सकाळी तुझ्या दारात उभे होते आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, पहिला खांदा माझा. उमरेडहून आलेला एकजण तर अडूनच बसला, "मावशीनं माह्यं लगन तीन डाव मोडता मोडता वाचवलं, मी मांगं राहणार नाही." शेवटी तुझ्या मुलानं सगळ्यांना थोडी थोडी पावलं वाटून दिली. घाटापर्यंत खांदे इतक्यांदा बदलले की रस्त्यातले लोक विचारू लागले, कोण पुढारी गेला? मी मागून चालत होतो. रडत होतो आणि मधूनच हसत होतो. शेजारचा माणूस माझ्यापासून जरा लांब सरकला.

मी तुझा नात्यानं कोणी नाही. नागपूरच्या इतवारीतल्या एका दाल मिलमध्ये तू बायांची मुकादम होतीस आणि मी दर गुरुवारी तिथे तपासणीला येणारा डॉक्टर. पहिल्या दिवशी मी तुला 'कौतिकाबाई, तुम्ही' म्हणालो. तू म्हणालीस, "बाई म्हणा, नाही त मावशी म्हणा. पण मावशी म्हणसान त तुमी चालत नाही." तेव्हापासून मी मावशी आणि तू म्हणू लागलो. तू चारचौघांत मला 'डाक्टर, तुमी' म्हणायचीस आणि दोघंच असलो की 'काय गा' म्हणून सुरुवात करायचीस. 'काय गा' ऐकलं की मी समजून जायचो, आज आपलं काही खरं नाही.

तेव्हा सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. मी कॉलेजातून ताजा बाहेर पडलो होतो आणि मला सगळंच कळत होतं. मिलमध्ये तूर यायची, तिला तेल-पाण्याचा हात लागायचा, गच्चीवर उन्हात वाळायची, मग फिरत्या खरबरीत रोल्यावर तिचं टरफल सुटायचं आणि चक्कीत फुटून तिची डाळ व्हायची. या सगळ्यात भुकटी उडायची. चाळणीपाशी बसणाऱ्या बायांच्या पापण्या संध्याकाळी पिवळ्या झालेल्या असायच्या. त्या चाळीसेक बायांपैकी काहींची छाती घरघरायची आणि काही वर्षानुवर्षं तिथेच बसून ठणठणीत होत्या. भुकटी एकच, चाळणी एकच, मग एकीला दमा आणि दुसरीला का नाही? उत्तर पुस्तकात होतं. दमा पुष्कळदा घराण्यातून येतो. आईबापाला असला तर मुलाला व्हायचा धोका जास्त. मी ठरवलं, ज्यांच्या घरात दमा आहे अशा बाया आधीच हुडकायच्या आणि त्यांना चाळणीपासून लांब ठेवायचं. आजार होण्याआधीच त्याला अडवायचं. मी स्वतःवर फार खूश होतो.

शेठ तर माझ्याहून खूश झाले. "डॉक्टरसाब, आपने तो बहुत बढिया सोचा," म्हणाले आणि त्याच दुपारी जाड पुठ्ठ्याचं नवं रजिस्टर माझ्या टेबलावर आलं. वजनाचा साधा काटा द्यायला सहा महिने लावणारा माणूस रजिस्टर तासाभरात देतो, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

बाया काही सांगेनात. आईला दमा होता का म्हटलं की पदराआड हसायच्या, वडिलांना होता का म्हटलं की वर छताकडे बघायच्या. मग मला वाटलं, मावशीला विचारावं. तू सोयरिकी जुळवायचीस. अमक्याची आत्या कोणत्या गावी दिली, तमक्याचा मामा कशानं गेला, कोणत्या घरची मुलगी माहेरी का परत आली, सगळं तुझ्या जिभेवर. एवढी माहिती समोर बसलेली असताना मी कशाला हिंडू? सोयरीक जुळवणाऱ्या बाईकडे घराण्यातल्या आजाराची चौकशी करणारा नागपुरातला मी पहिलाच शहाणा असेन.

तू पोत्याच्या थप्पीवर बसलीस, पान जुळवलंस आणि म्हणालीस, "इच्यारा जी."

"पार्बताबाई?"

"चांगलं घर हाये. चार भाऊ. वलिताची जमीन."

"दमा?"

"नाही जी. पन्नास माणसाचा सयपाक एकटी करते."

"सीताबाई?"

"लय गुणाची. माहेर खाप्याचं, मोठा गोतावळा."

सीताबाई त्या वेळी मागे चाळणीपाशी खोकून खोकून दुमडली होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं. तू मान वळवूनही पाहिलं नाहीस.

"थे होय? थे त मिरची गेली नाकात."

"दाल मिलमध्ये मिरची?"

"डब्यातली," तू म्हणालीस आणि पान तोंडात टाकलंस.

मी भोळेपणानं सगळं लिहीत गेलो. 'नाही', 'नाही', 'नाही', पानं भरून. दुपार संपली तेव्हा चाळीस नवऱ्या मुली पाहून आल्यासारखं मला वाटत होतं. घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं की त्या मिलइतकी निरोगी जागा अख्ख्या हिंदुस्थानात नाही. मी एकटाच बसून किती हसलो, मावशी. तुला ते कधी सांगितलं नाही, कारण त्यानंतर जे केलं ते हसण्यासारखं नव्हतं.

एक नाव मी स्वतः लिहिलं. गिरजाचं. बावीसेक वर्षांची ती मुलगी, वडील नाहीत, घर तिच्यावर. तिची आई माझ्या इतवारीतल्या दवाखान्यात यायची, दोन पायऱ्या चढली तरी बसावं लागायचं तिला. मामाचंही तेच. गिरजाची छाती मी तपासली होती, अगदी स्वच्छ. तरी मी लिहिलं, 'आईस व मामास दमा. धुळीपासून दूर ठेवावे.' मला वाटलं होतं, तिला पोती शिवायला बसवतील. पुढच्या गुरुवारी तिची जागा रिकामी. शेठना विचारलं तर म्हणाले, "आप ही ने तो लिखा है." धुळीपासून दूर ठेवलं होतं. तिच्या घरी.

त्या संध्याकाळी तू दवाखान्यात आलीस. रोगी जाईपर्यंत बाकावर बसलीस. मग स्टूल ओढून माझ्यासमोर. तू ओरडशील अशी माझी तयारी होती, पण तू ओरडली नाहीस.

"पोरगी बिमार हाये का?"

"नाही. पण होऊ शकते. आईला आहे, मामाला आहे."

"होऊ शकते म्हून आजच घरी बसवली?"

"मावशी, तिच्या भल्यासाठीच..."

"तिले इच्यारलं?"

मी टेबलावरची रबरी नळी गुंडाळू लागलो.

"तिच्या मायनं तुले दवाखान्यात सांगतलं, तू मिलमधी जाऊन लिवलं. आता थे माय दवाईलेबी येणार नाही तुह्याकडे." मग तू जरा वाकून माझ्याकडे पाहिलंस. "काय गा, जिना चढून आला का तू?"

"नाही. का?"

"बोलतानी खांदे वरतं घेतं. घडीघडी खिसा चाचपतं. माह्या नजरेतून पाव्हणे सुटत नाही, तू कोठी सुटतं?"

खिशात दम्यावरच्या एफेड्रिनच्या गोळ्यांची पुडी होती. लहानपणापासून मी ती कुणाला दिसू देत नव्हतो. कॉलेजात मित्रांना माहीत नव्हतं. मिलमध्ये तर प्रश्नच नव्हता.

"बापाले व्हता?"

"होता."

"मंग तुले काहून नाही काढलं?"

मी काहीतरी बोललो. माझं काम वेगळं, धुळीचं नाही, असलं काहीतरी. तू ते ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "कॉलेजात कोणी लिवून देलं असतं, का याच्या घराण्यात दमा हाये, याले घेऊ नोका. पुस्तकाची धूळ राहते, दवाईचा वास राहते. तुह्या भल्यासाठीच. त आज कोठी असता तू?" एवढं बोलून तू उठलीस. दारातून म्हणालीस, "गोळी घे. घरघर ऐकू येऊन राहिली."

मावशी, मला त्या रात्री झोप आली नाही, असं मी नेहमी लोकांना सांगतो. खरं म्हणजे गोळी घेतली आणि गाढ झोपलो. पण सकाळी उठलो तो दुसराच माणूस होतो, आणि हे मात्र खरं आहे.

रजिस्टरातलं ते पान फाडून टाकावं, असं मी ठरवत होतो तोवर पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या इतवारीत मारबत निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, दोन्ही बायांचे उंच पुतळे, मागे टिंगलीसाठी केलेले बडग्यांचे पुतळे, आणि माणसांचा हा पूर. वर्षभराची रोगराई, महागाई, जे जे नको ते लोक ओरडून ओरडून तिच्यासोबत गावाबाहेर पाठवतात. माझा दवाखाना त्याच रस्त्यावर. मी दारात उभा राहून मजा बघत होतो आणि एवढ्यात मिलच्या बायांचा घोळका आला. मधोमध काडी-कागदाचा एक लहान बडगा. त्याच्या गळ्यात पुठ्ठ्याचं रजिस्टर आणि कानांत रबरी नळी.

"डाक्टरचं रजिस्टर घेऊन जा गे मारबत!"

सगळ्यांत मोठा आवाज गिरजाचा. आत पळावं तर अब्रू जाणार, उभं राहावं तरी जाणार. मी हात जोडून उभा राहिलो. शेजारचा सोनार म्हणाला, "डॉक्टर, नाव झालं बरं का तुमचं. आजवर मंत्र्यांचेच बडगे निघायचे." तू घोळक्याच्या मागे होतीस, जणू तुझा या सगळ्याशी काही संबंधच नाही. पण जाता जाता तू माझ्याकडे बघून डोळा मारलास. साठीला टेकलेल्या बाईनं भर रस्त्यात डॉक्टरला डोळा मारला! मला तेव्हा कळलं की तू मला अजून टाकलेलं नाहीस.

आणि मग तो गुरुवार. मी मिलमध्ये टेबलाशी बसलो तर समोर रांग. सगळ्या बाया, मागे रोल्यावरचे पुरुष, त्यांच्यामागे हमाल. तू बाजूला पोत्यावर बसलेली.

"लिवा जी," पार्बता म्हणाली. "माह्या बापाले दमा, आज्याले दमा, तिन्ही भावाले दमा."

"मागच्या वेळी तर चार भाऊ होते."

"चौथ्याले होऊन राहिला."

सीताबाई म्हणाली, "माह्या सासऱ्याले."

"सासऱ्याचा दमा तुला कसा येईल, बाई? तो रक्तातून येतो."

"घर त एकच हाये ना जी," ती म्हणाली आणि अख्खी रांग खिदळली.

एका हमालानं म्हशीला दमा असल्याचं सांगितलं. तेही लिहा म्हणून तू मला डोळ्यानं खुणावलंस. दोन तासांत सगळं रजिस्टर भरलं. पहिल्या वेळेपेक्षा दसपट खोटं, आणि तरी त्यात खरंही पुष्कळ होतं, कारण गर्दीत खरं सांगायला कुणी भीत नव्हतं. मी पेन खाली ठेवत होतो तेव्हा तू म्हणालीस, "पयलं पान कोरं काहून ठेवलं? शेठजीचं लिवा. मोठ्या शेठले व्हता. रातभर उश्याची थप्पी लावून बसे बिचारा."

मी ते रजिस्टर घेऊन शेठच्या गादीवर गेलो. म्हणालो, "शेठजी, याप्रमाणे धुळीपासून सगळ्यांनाच लांब ठेवावं लागेल. सुरुवात तुमच्यापासून." शेठनी पहिलं पान वाचलं. पुन्हा वाचलं.

"बाबूजी का दमा? यह कौतिका को कैसे पता?"

"तुमच्या लग्नाच्या वेळी तुमच्या सासरच्यांनी गुपचूप तिच्याकडेच चौकशी केली होती म्हणे. मिलमधली जुनी बाई म्हणून."

"फिर? क्या बताया उसने?"

"काहीच नाही म्हणून सांगितलं. म्हणून तर तुमचं लग्न झालं."

शेठ आधी लाल झाले आणि मग पोट धरून हसले. इतके हसले की मुनीम पाणी घेऊन धावला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा बरोबर प्रश्न विचारला, "तो फिर धूल का क्या करें?"

धुळीचं काय करायचं ते तसं अवघड नव्हतंच. तेवढा प्रश्न आम्हा शिकलेल्या माणसांना सुचला नव्हता. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फिटरनं चाळणीवर पत्र्याचा टोप बसवला, त्याला जाड नळ, नळाला पंखा आणि भिंतीबाहेर कापडाची भली मोठी पिशवी. पंखा सुरू झाला आणि त्यानं पहिला घास घेतला तो पार्बताच्या पदराचा. ती ओरडली, सगळ्या धावल्या, पदर इकडून ओढा, तिकडून ओढा. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "अवं, थांब वं! याचा जोर त तुह्या नवऱ्यापरीस जास्त हाये." त्या दिवशी काम कमी आणि हसणंच जास्त झालं. पिशवीतली भुकटी गुरांच्या खाण्यात चालते हे कळल्यावर शेठही पंख्याचे भक्त झाले. आणि संध्याकाळी बाया घरी निघाल्या तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या पापण्या काळ्या पाहिल्या.

गिरजा त्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर आली. जुन्याच जागेवर, चाळणीपाशी. माझ्याकडे तिनं बघितलं नाही आणि माझीही तिच्याशी बोलायची हिंमत झाली नाही.

इथून आपला वाद सुरू झाला, मावशी, आणि तो चौदा वर्षं चालला. मी म्हणायचो, रक्ताचा भाग असतोच. पंखा आला, तोंडाला फडकी आली, तरी सीताबाईला त्रास होतो आणि गिरजाला नाही. का? तू म्हणायचीस, "असन बावा. पण रक्त काय तुले धुता येते? भुकटी धुता येते. जे धुता येते थे धू ना गा पयले." मी म्हणायचो, पण कोणाला धोका जास्त हे मला कळलं तर मी तिला लवकर तपासीन, लवकर औषध देईन. यावर तू चहाची कपबशी खाली ठेवायचीस. "मंग पयले सांग का काम जाणार नाही. थे लिवून लाव दरवाज्यावर. मंग पाय, बाया सोताहून सांगतीन."

मी शेठच्या मागे लागलो. पंखा मिळवणं सोपं गेलं, तो कागद मिळवायला वर्ष लागलं. शेवटी फाटकावर लागला, 'दमा आहे किंवा घराण्यात आहे या कारणाने कोणासही कामावरून कमी केले जाणार नाही.' तुला वाचता येत नव्हतं. तू मला तो तीनदा मोठ्यानं वाचायला लावलास, आणि तिसऱ्यांदा शेठ समोरून जात असताना. त्यानंतर खरंच बाया एकेक करून येऊ लागल्या. तपासणी झाल्यावर दारापाशी थांबायच्या आणि हळूच सांगायच्या, "डाक्टर, माह्या मायले व्हता." सीताबाईनं स्वतःहून गच्चीवरचं काम मागून घेतलं, मोकळ्या हवेत, त्याच रोजीवर. मी नवीन वही केली. ती मिलमध्ये कधी ठेवली नाही, माझ्या कपाटात राहिली. माझं रक्ताचं पुस्तक खरं होतं आणि तुझंही म्हणणं खरं होतं. फक्त आधी कोणतं आणि मग कोणतं, एवढंच मला उलटं शिकवलेलं होतं. हे मी तुझ्यासमोर कधी कबूल केलं नाही. कबूल केलं असतं तर चहा बंद झाला असता, अशी मला भीती होती.

माझी सोयरीकही तूच जुळवलीस. मुलीच्या वडिलांसमोर बसलीस आणि माझी मान खाली असताना पहिलंच वाक्य बोललीस, "पोराले दमा हाये. बापालेबी व्हता. पण लपवत नाही आता." मी उडालोच. सोयरिकीत कधी कुणाच्या घराचा आजार न सांगणारी तू, माझाच तेवढा सांगितलास. बाहेर आल्यावर मी चिडलो तर म्हणालीस, "मुलगी नर्स हाये गा. तिले दोन दिवसात समजलं असतं. मंग माह्यं नाव खराब." ती नर्स आज तुझ्यासाठी माझ्याहून जास्त रडते आहे.

नव्या वहीत एकच जागा रिकामी होती. तुझी. दर वर्षी मी विचारायचो, "घराण्यात दमा आहे का, मावशी?" आणि दर वर्षी तू म्हणायचीस, "चांगलं घर हाये." पोरीचं लग्न व्हायचं होतं, मग धाकट्याचं, मग नातीचं. नळी लावून तपासूही दिलं नाहीस कधी. "माह्या छातीत काय हाये? भाकर हाये."

महिन्याभरापूर्वी मी तुझ्या घरी आलो. तुझं हृदय दमलं होतं हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. खाटेवर बसून तू मला कोथिंबीर भरलेली सांबारवडी खायला घातलीस आणि म्हणालीस, "वही आणली का? लिव माह्यं." मी पेन काढलं. तू सांगत गेलीस. तुझ्या आईला दमा. दोन्ही भावांना. उमरेडला घरात माग चालायचा, सुताचा बारीक कोंडा उडायचा, तिथेच तुलाही पहिल्यांदा लागला, परकरात होतीस तेव्हा. दाल मिलमध्ये तू पंचवीस वर्षं पंख्याविना काढलीस. मुकादम झालीस म्हणून फिरती राहता आलं, त्रास झाला की गच्चीवर जायचीस, वाळत घातलेली तूर बघायच्या निमित्तानं. पंखा आला त्याच्या दुसऱ्या वर्षापासून तुला गच्चीवर जावं लागलं नाही.

मी लिहायचा थांबलो होतो. त्या पहिल्या रजिस्टरात खरं लिहिलं असतं तर पहिलं नाव तुझंच निघालं असतं. तू समोर बसून 'नाही, नाही' सांगत होतीस ती त्या चाळीस जणींची आणि स्वतःचीही भाकर वाचवत होतीस, आणि मी समोर बसून ते नीट अक्षरात उतरवून घेत होतो.

"आता काहून सांगतलं?" मी विचारलं. मलाही तुझीच भाषा आली तोंडात.

"आता कोण काढते मले कामावरून?" तू हसलीस. मग म्हणालीस, "अन् नातीले पोरगं झालं. त्याच्या छातीवर लक्ष ठेवजो. म्हून सांगतलं." मी ते खाली लिहिलं. तू वाचून दाखवायला लावलंस, मान हलवलीस आणि आणखी दोन वड्या ताटात टाकल्यास. मावशी, मला आयुष्यात सर्टिफिकेटं पुष्कळ मिळाली. त्या ताटाएवढा मान मला कुणी दिला नाही.

एकच गोष्ट राहिली होती. गिरजाची मी कधी माफी मागितली नव्हती. ती आता तुझ्या जागी मुकादम आहे, दोन मुलांची आई, छाती अजून स्वच्छ. चौदा वर्षं मी तिला दर सहा महिन्यांनी तपासतो, औषधांविषयी बोलतो, पंख्याविषयी बोलतो, आणि ते एक वाक्य गिळतो. तुझ्याशी वाद घालतानासुद्धा मी गिरजाचं नाव टाळायचो, हे तुझ्या लक्षात आलेलं असणारच.

परवा तुझी तेरवी झाली. पंगत उठली, गिरजा पत्रावळी उचलत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "गिरजाबाई, तेव्हा मी चुकलो होतो. मला माफ करा." एवढं बोलतानाच माझे खांदे वर गेले, श्वास अडखळला. ती पत्रावळी हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिचे डोळे भरले आणि ती हसायला लागली.

"बसा जी, बसा पयले," ती म्हणाली. "मावशीनं सांगतलं व्हतं मले. डाक्टर एक दिवस माफी मागतीन म्हणे, पण मी गेल्यावर. तवा त्याहिले लय वेळ उभं ठेवू नोको. दम लागते त्याहिले."